न येणारं माणूस

आपण बापाला वाऱ्यावर सोडणारी मुलगी आहोत, हे वल्लरीला मस्कतच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या बरोबरीने, पडद्यावर बघून कळलं. तोवर तिला याची काही कल्पना नव्हती. तोवर तिची समजूत अशी होती की ती दर शुक्रवारी पहाटे उठते, डबे भरते, अल हैलच्या घरून गाडी काढते आणि कुरियातवरून समुद्राच्या कडेकडेने सूरला बापाकडे जाते. नवऱ्याला दुबईत मोठी नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, चल. ती गेली नाही. सूरला आबा एकटे आहेत, म्हणाली. नवरा बिचारा पंधरा दिवसांनी येऊन-जाऊन असतो, आणि दोघांचं भांडण झालंच तर याच एका विषयावरून होतं.

आबा म्हणजे रामकृष्ण मेस्त्री, देवगडकडचे सुतार. सूरच्या यार्डात लाकडी गलबतं बांधायला आले तेव्हा वल्लरी फ्रॉकमध्ये होती. आता ती मस्कतमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि आबांची साठी उलटली आहे, तरी ते यार्ड सोडायला तयार नाहीत. आई गेल्यावर तिने त्यांना अल हैलला न्यायचा हट्ट धरून पाहिला. "थय मी काय करू? बाल्कनीत बसान गाडये मोजू?" असं म्हणून त्यांनी तो विषय खलास केला. मग तीच जायला लागली.

या सगळ्यात कौशिक शिरला तो मंडळाच्या लघुपट स्पर्धेमुळे. कौशिक हा मंडळातला हुशार मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला. मूळ पुण्याचा, तेल कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमाचं. त्याने कुठलासा ऑनलाइन कोर्स केला होता आणि तेव्हापासून तो जेवणाच्या पंगतीतसुद्धा हूक, कॉन्फ्लिक्ट, स्टेक्स असले शब्द वाढत फिरायचा. स्पर्धेचा विषय होता, आखातातली आपली माणसं. वल्लरीनेच त्याला सांगितलं, माझे आबा बघ, अजून हातात वाकस घेऊन गलबताची फळी तासतात. तिनेच सांगितलं, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत राहिली.

शूटिंगला कौशिक दोन शुक्रवार सूरला आला. तिच्याच गाडीतून आला, तिच्याच डब्यातले बांगडे खाल्ले. "ताई, एक हेल्प कराल? हा रिफ्लेक्टर धरा ना, आबांच्या चेहऱ्यावर जरा लाइट पाहिजे." तिने धरला. ती चंदेरी गोल चकती धरून ती आबांच्या यार्डातल्या खोलीच्या दारात उन्हात उभी राहिली, हात भरून आले तरी उभी राहिली. मधूनमधून कौशिक ओरडायचा, "ताई, फ्रेममधून बाहेर! थोडं अजून बाहेर!" ती सरकायची. बापाचा चेहरा उजळलेला दिसतोय याचंच तिला कौतुक. एकदा तिने विचारलं, "आबा, डोळ्यांवर येतंय का हो?" आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हातानेच नाही म्हटलं. कौशिक खूश झाला. "सुपर! हा लूक मस्त मिळाला!" दुसऱ्या शुक्रवारी आबांचा आवाज घ्यायचा होता. तेव्हा त्याने तिला बर्फ आणायला बाजारात पिटाळलं, घरात माणूस असलं की आवाज येतो म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात बसले होते. गाडीला जागा शोधता शोधता वल्लरीला उशीर झाला, म्हणून ती मागे मिळाली तिथे बसली. दिवे गेले. पडद्यावर अगदी पहिल्यांदा एक उघडं दार आलं, मग आबांचा चेहरा. आबा मान वळवून दाराकडे बघतात आणि हळूच हात हलवतात. पाठीमागे बासरी. आणि बासरीवर आबांचा आवाज:

"चेडू मस्कतीत असा माझा. मोठी नोकरी असा तिका. येतंय म्हणता. येणा नाय."

वल्लरीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची फिल्म लागली. मग तिने तो प्रकाश ओळखला. आबांच्या गालावरचा तो उजेड तिने स्वतः धरला होता. ज्या दाराकडे ते एवढे कळवळून बघत होते त्या दारात ती उभी होती. तिला फ्रेमच्या बाहेर काढलं होतं, एवढंच. पुढे आबा एकटे यार्डातून चालत येतात, एकटे ताटावर बसतात. ताटात तिने केलेली सोलकढी. तिने तळलेला बांगडा. आबा एक घास घेतात आणि पुन्हा दाराकडे बघतात. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

शेजारच्या बाईने डोळे पुसले आणि पर्समधला एक टिश्यू वल्लरीलाही दिला. "काय मुली असतात ना एकेक," ती म्हणाली. "दोन-अडीच तासांवर बाप, आणि वेळ नाही! लाज कशी वाटत नाही यांना?"

वल्लरीने तो टिश्यू हातात इतका चुरगळला की त्याची गोळी झाली. शेवटी नावं वर सरकू लागली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, सगळीकडे कौशिक. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: प्रकाश साहाय्य व भोजन, वल्लरी.

पहिला नंबर कौशिकलाच. टाळ्या थांबेनात. मंडळाच्या सेक्रेटरी श्यामलाताई स्टेजवर आल्या, त्यांनी कौशिकला बोलावलं आणि आबांनाही हाताला धरून वर नेलं. त्यांनी माइक आबांपुढे धरला. "आबा, तुमची मुलगी आज कुठेतरी हे बघत असेल. तिला काय सांगाल?"

वल्लरी उठून उभी राहिली. मागच्या भिंतीवरच्या दिव्याखाली ती चांगली दिसत होती, आणि आबांनी तिला बघितलं हेही तिने बघितलं. तिच्या जिवात जीव आला. आता ते हसतील आणि म्हणतील, ती काय, थय उभी असा. एक वाक्य. एवढ्या एका वाक्याने सगळं धुऊन निघणार होतं.

आबा थांबले. खाली बघितलं. मग सावकाश वर बघितलं, तिच्या डोक्यावरून, पार लांब.

"सांगा तिका," आबा म्हणाले, "दार उघडा असा."

अख्खा हॉल उभा राहिला. श्यामलाताईंनी तोंडावर पदर घेतला. उभ्या हॉलमध्ये टाळ्या न वाजवणारी एकटी वल्लरी होती, आणि शेजारच्या बाईने तिच्याकडे असं बघितलं की हिला काळीज आहे की नाही.

तिने कौशिकला चहाच्या टेबलाशी गाठलं. त्याच्या एका हातात ट्रॉफी, दुसऱ्या हातात बटाटावडा.

"या फिल्मची लिंक कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"ताई, उद्या सकाळी चॅनलवर जातेय. मग इंडियाच्या राउंडला. काय झालं?"

"काय झालं? मी बापाकडे जात नाही? मी? तू माझ्या गाडीतून गेलास रे! माझ्या हातचं गिळलंस!"

"ताई, पर्सनली नका घेऊ. ते एक कॅरेक्टर आहे."

"आबांना एकच मुलगी आहे. गावाला विचार, यार्डात विचार. मग ते कॅरेक्टर कोण?"

कौशिकने वडा बशीत ठेवला आणि कोर्समधला चेहरा केला. "हे बघा, खरी गोष्ट काय आहे? मुलगी दर शुक्रवारी येते, डबा आणते, दोघं जेवतात. छान आहे. पण पुढे काय? ऑडियन्सने का थांबायचं? पहिल्या दहा सेकंदांत हूक नसेल तर लोक मोबाइल काढतात. कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते मिळता कामा नये. तेव्हा माणूस खुर्चीला चिकटतो. आज कुणी हललं का? तुम्हीच सांगा."

"कुणी हललं नाही, कारण सगळे मला शिव्या घालत होते!"

"म्हणजे इमोशन पोचलं ना?" तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. मग जरा सावरून बोलला, "आणि ताई, तो डायलॉग मी लिहिलेला नाही हं. आबांनीच दिला. विचारा त्यांना."

तिने त्याला खोटारडा म्हटलं. चारचौघांत, मोठ्याने म्हटलं. श्यामलाताई वळून बघायला लागल्या तेव्हा ती आबांना घेऊन पार्किंगकडे निघाली.

गाडीत आबांच्या मांडीवर फुलांचा गुच्छ होता. ते इतके खुशीत होते की तिला बोलायला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी तिने गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून विचारलं, "आबा, मी येत नाही, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हटलंय तर," आबा म्हणाले. "कसा जमला?"

आणि त्यांनी तिला हौसेने सांगितलं. तरुणपणी गावच्या दहीकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, ते स्त्रीपार्ट करायचे. तिथे लिहिलेलं काही नसतं. मुख्य माणूस पडद्यामागे प्रसंग सांगतो, तू राणी, राजाने तुला टाकली, जा. बाकीचं बोलणं नटाने उभ्या उभ्या जुळवायचं. आबा जुळवायचे आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. कौशिकने त्या दिवशी तसंच केलं. म्हणाला, आबा, कुणीतरी न येणारं माणूस पाहिजे. त्याची वाट बघताय, असं काहीतरी बोला. एवढ्या वर्षांनी कुणीतरी प्रसंग दिला होता. आबांनी बोलणं जुळवलं.

"पण मीच का?" वल्लरीचा आवाज चिरकला. "दुसरं कुणी सुचलं नाही?"

आबा विचारात पडले. "तुझ्या आवशीचा नाव घेतलंय असता तर माझ्याच्यान पुढे बोलवला नसता. चेडू तू एकटा, झिल माका नाय. मगे रवला कोण? तूच. आणि तू घरची. तू रागावशीत असा माका वाटाक नाय."

"आणि स्टेजवर? मी समोर उभी होते! बघितलंत तुम्ही मला!"

"बगलंय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा खाली आला होता. "पण लोक रडत होते गो. मदीच कसा मोडू?"

घरचं माणूस तेवढं वापरायला मोकळं! ती मनात नुसती पेटली. परक्या माणसाचं मन राखायचं, तीनशे अनोळखी लोकांचं रडं मोडायचं नाही, आणि जी उन्हातान्हात उभी राहून उजेड धरते तिला खलनायिका करायचं, कारण ती रागावणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सूरला पोचवलं. वाटेत आबा दोनदा काहीतरी म्हणाले, तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. यार्डाच्या फाटकाशी त्यांना उतरवून ती चहासुद्धा न घेता परत फिरली.

लिंक गेली. मंडळात गेली, मस्कतभर गेली, देवगडात गेली. आत्याचा फोन आला. "काय गो, बापाशीक बगणस नाय? सगळो गाव इचारता." वल्लरीने सांगायचा प्रयत्न केला, की आत्या, ती फिल्म आहे. आत्या म्हणाली, "तो सोता सांगता मा?" लॅबमधली सोबतीण मैना केरळची, तिला मराठी येत नाही, पण तिनेही खाली आलेल्या इंग्रजी अक्षरांवरून सगळं वाचलं होतं आणि ती दिवसभर वल्लरीशी फार जपून बोलत होती. कौशिकचा मेसेज आला: ताई, लोकांनी शेवटपर्यंत बघितलीय, हे रेअर आहे! सोबत हात जोडलेले.

पुढच्या शुक्रवारी वल्लरी सूरला गेली नाही. आबा यार्डात कामाला असताना असं कधीच झालं नव्हतं. पहाटे जाग आली, सवयीने ती स्वयंपाकघरात गेली आणि डब्यांकडे बघून परत येऊन पडली. बसा म्हणावं वाट बघत. लोकांना आवडते ना तुमची वाट बघणारी मान! तिने कपाट आवरलं. बाथरूम घासली, आधीच स्वच्छ होती ती परत घासली. नवऱ्याचा फोन आला, तोही तिच्याच बाजूने बोलला, तर ती त्याच्यावरही खेकसली. फोन आबांचा मात्र आला नाही. एरवी कुरियातपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा फोन असायचा, पाव घेवन ये म्हणून.

दुपारी ती भाताचा कुकर लावायला उठली आणि तिथेच थांबली. आत्ता, या वेळी, ते दाराकडे बघत बसले असतील. बासरी नसेल, रिफ्लेक्टर नसेल. मुलगी यायचा दिवस आहे आणि ती आलेली नाही. कौशिकला जे जुळवून आणावं लागलं होतं, ते तिने फुकटात घडवून दिलं होतं. आजपर्यंत ती फिल्म खोटी होती. आज सकाळपासून खरी होती, आणि खरी करणारी ती स्वतः. हे लक्षात आल्यावर तिचा जो संताप झाला त्याला तोड नव्हती. कौशिकचा, बापाचा, त्या टाळ्यांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने कुकर तसाच ओट्यावर ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

डबे नाहीत, पाव नाही, काही नाही. तिने फक्त एक ठरवलं होतं. या वेळी कॅमेरा तिच्या हातात असणार आणि आबा खरं बोलणार. यार्डाच्या फाटकातून आत शिरतानाच तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो समोर धरून ती खोलीकडे चालत गेली. दार उघडंच होतं.

आबा बनियनवर, दाढी वाढलेली, जमिनीवर बसून कांदा चिरत होते. सावली पडली तशी त्यांनी मान वर केली.

"इलंस?" ते म्हणाले.

"आले. बोला आता. यात बघून सांगा, मी येते की नाही."

आबांनी मोबाइल बघितला. लगेच पाठ ताठ झाली, हात केसांवरून फिरला, मान किंचित कलली आणि डोळे लांब कुठेतरी गेले.

"तो चेहरा नको!" वल्लरी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. "तो चेहरा परत केलात तर मी आत्ता अशीच परत जाईन!"

आबांचा चेहरा उतरला. दुसरा कुठला करावा हे त्यांना कळेना. हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला, परत उचलला. "माझा चेडू," ते म्हणाले आणि थांबले. "वल्लरी. ता येता. दर शुक्रवारी येता. आज उशिरा इला." कांदा परत खाली ठेवला. "बांगडे घेवन येता. कधी मीठ जास्त पडता. मी सांगणंय नाय." नाक पुसलं, कांद्याने किंवा कशाने. "त्या फिल्मेत मी खोटा बोललंय. माका बोलूक नको होता." बाहेर यार्डात कुणीतरी हातोडा मारत होता. "आणि काय सांगू? जेवाचा असा मा तुका? भात दोगांचो टाकलंय."

"मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगतला?" आबा चिडून म्हणाले. "शुक्रवार मा आज?"

ती खाली बसली. तिचा राग गेला नव्हता आणि तिने तो गेल्यासारखं दाखवलंही नाही. भातावर नुसतं कांद्याचं सांबारं होतं. मीठ कमी होतं. तिने सांगितलं, कमी आहे म्हणून.

हात धुऊन तिने तो व्हिडिओ जसाच्या तसा, काही न कापता, मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पहिल्या फिल्मला रडणाऱ्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. श्यामलाताईंनी अंगठा टाकला. पुष्कळ वेळाने कौशिकचा मेसेज आला.

"ताई, गोड आहे. पण थोडा लांबलाय. पहिल्या दहा सेकंदांत काहीच घडत नाही."

वल्लरीने त्याला पाठवायला चांगल्या कचकचीत दोन शिव्या लिहिल्या. पाठवण्याआधी, आपण कशाबद्दल भांडतोय ते नीट बघून घ्यावं, म्हणून तिने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. यार्डाची माती, तिच्या चपलांचा आवाज, हलणारं दार. मग जमिनीवर बसलेले आबा मान वर करतात, तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "इलंस?"

तिने तेवढंच परत लावलं. मग शिव्या पाठवल्या.